जाळं उतरवायचा दिवस

खुशबूचं पत्र पोळ्याच्या आठवड्यात आलं होतं, आणि संक्रांत तोंडावर आली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

ती, माझ्या पुतण्याची मुलगी, नागपूरला शिकायला गेली तेव्हा मी तिला अंतर्देशीय पत्रांचा एक गठ्ठा दिला होता. मला फोनवर बोलता येत नाही. पलीकडचं माणूस जरा थांबलं की वाटतं आपलंच काही चुकलं, आणि मी घाईघाईनं ‘बरं, ठेवतो’ म्हणून मोकळा होतो. गठ्ठा पाहून ती हसली होती. “आबाजी, हे आता कोन लिहिते?” पण तिनं तो कपड्यांच्या घडीत नीट ठेवला. तीन वर्षांत त्यातलं एकच पत्र तिनं वापरलं.

पत्र लहान होतं. ‘आबाजी, तुम्ही जन्मभर पुस्तकांत बसलात म्हणून तुम्हालाच विचारते. आपल्याला काय करायचं आहे हे माणसाला कसं कळतं? माझ्या खोलीतल्या दोघींना ते माहीत आहे. मी सकाळी उठते, अभ्यासिकेत जाते, खुर्चीवर बसते. स्पर्धा परीक्षा देते, थोडक्यात राहते. वाईट वाटायला पाहिजे तेवढं वाटत नाही, त्याचीच भीती वाटते. तुम्हाला कसं कळलं होतं? घरी सांगू नका.’

मला कळलं नव्हतं, हीच अडचण होती. भंडाऱ्याच्या वाचनालयात माझी उभी हयात गेली, पण ती नोकरी मी ठरवलेली नव्हती. एकोणीस वर्षांचा असताना मी तिथे रोज वाचत बसायचो. तिथले ग्रंथपाल भय्याजी एक दिवस म्हणाले, आठ दिवस गावाला जाऊन येतो, तोवर किल्ली ठेव. ते परत आले नाहीत. आधी किल्ली माझ्याकडे राहिली, मग रजिस्टर, मग पगार. कोणी विचारलं तर मी सांगायचो, तात्पुरता आहे. असं सांगता सांगता निवृत्त झालो.

हे तेवीस वर्षांच्या मुलीला काय लिहिणार? चार-पाच वेळा कागद घेऊन बसलो. दरवेळी दुसऱ्याच ओळीपासून ते कुठल्या तरी पुस्तकातलं वाटू लागे. ‘आयुष्य म्हणजे’ असं लिहिलं की मी पुढचं न लिहिताच कागद फाडत असे.

आसारामदादाला, माझ्या थोरल्या भावाला, जाऊन वर्ष होत होतं. त्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल मला लिहवत नाही. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी कारध्याच्या माझ्या खोलीवरून निघालो. भंडारा, पवनी, तिथून आसगाव आणि पुढे आमचं गाव. धान निघालेल्या बांध्यांत लाखोळीला निळी फुलं आली होती. बसमध्ये मी पुस्तक उघडून धरलं होतं. पान उलटल्याचं आठवत नाही. खुशबू घरी आलेली असणार होती, आणि ती पत्राबद्दल विचारेल ही मला धास्ती होती.

तिनं विचारलं नाही. पिशवी हातातून घेतली, पाय धुवायला पाणी दिलं आणि म्हणाली, “थकले काय, आबाजी?” मी नाही म्हणालो. आमचं बोलणं संपलं.

समोरच्या खोलीत दादाचं जाळं खुंटीला टांगलेलं होतं. आमच्या घरची एक रीत आहे, इतर मच्छीमार ढीवरांत ती कितपत आहे मला ठाऊक नाही. घरातला मासे धरणारा माणूस गेला की त्याचं जाळं वर्षभर ओलं करायचं नाही. वर्षश्राद्धाच्या सकाळी ज्याला ते पुढे चालवायचं आहे त्यानं खुंटीवरून उतरवायचं आणि सगळ्यांच्या देखत तलावात टाकायचं. पहिल्या फेकीत जे येईल ते विकायचं नाही, खायचं नाही, परत सोडायचं. ज्यानं जाळं टाकलं त्याचं नाव मग मच्छीमार संस्थेत लागतं. वडिलांचं जाळं दादानं असंच उतरवलं होतं. मी तेव्हा काठावर उभा होतो. मला पोहता येतं, पण जाळं मला कधी फेकता आलं नाही. मी शिकलोच नाही म्हटलं तरी चालेल.

संध्याकाळी अंगणात शेकोटीभोवती सगळे बसले. रेवतावहिनी सुपात तांदूळ निवडत होत्या. हेमराजनं, त्यांच्या मुलानं, आपली मालाची गाडी आत घेतली, हातपाय धुतले आणि बसता बसता बोलायला सुरुवात केली. तो दिवसभर गाडीत एकटा बोलण्याची तयारी करत येत असावा.

“काका, तुमीच सांगा हिले. तुमचं ऐकते हे.”

“काय सांगू?”

“उद्या संस्थेचा टेकचंद येऊन राहिला. नाव द्या लागते. नाई देलं तं बाबाचा तलावातला हिस्सा जाते दुसऱ्याले.”

“तुयं लाव ना नाव,” वहिनी सुपातून मान वर न करता म्हणाल्या.

“मी अथी असतो काय, आई? आज पवनी, उद्या उमरेड. गाडी रस्त्यावर उभी ठेवून जाळं टाकू? अन् संस्थेले गावात राहणारा माणूस पायजे. रखवाली हाये, मच्छीचं बीज टाकणं हाये, पाळी लागते.” त्यानं एक काटकी मोडून विस्तवात टाकली. “खुशबू हाये ना घरची. लावू हिचं नाव.”

खुशबू पायरीवर बसली होती. “मले इचारलं काय कोनी?”

“इचारून राहिलो ना आता! तीन वर्सं नागपूरले राहिली, मी काई म्हनलं काय? दे परीक्षा म्हनलं. एक डाव, दोन डाव, तीन डाव. आता पुढं काय करतं? तू सांगशीन ते करू. गाडी इकून टाकू, पन सांग.”

हेमराजचा आवाज चढलेला नव्हता. तो खरंच विचारत होता. रागावलेल्या बापाला तोडून बोलता येतं, उलटून बोलता येतं. हा हात जोडल्यासारखा विचारत होता, आणि तिच्याजवळ सांगायला काही नव्हतं.  तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी विस्तवाकडे पाहत राहिलो.

“बोल ना.”

“पोरीले असं चौकात उभं करून काहून इचारता?” शकुनबाई, हेमराजची बायको, स्वयंपाकाच्या खोलीतून म्हणाली. “पुढच्या डावाले निघन ते परीक्षा. अभ्यास करू द्या तिले. तुमचं जाळं, तुमचा तलाव, तुमीच पाहा.”

“माया बापाचा तलाव हाये तो.”

“मंग बापाच्या पोरानं पाहावं.”

वहिनींना हसू आलं, पण त्यांनी ते सुपात पाडलं. हेमराज माझ्याकडे वळला. “पाहा काका. घरात तीन बाया, अन् मी एकटा.”

“अन् मी?” मी म्हणालो.

“तुमी तं पुस्तकातले,” तो म्हणाला, आणि लगेच त्याला वाईट वाटलं. “जेवाले बसा.”

आत काय झालं ते मला शकुनबाईनं नंतर सांगितलं. काही मी अंदाजानं लावलेलं आहे, चुकलंही असेल. ती भाकरी थापत होती आणि खुशबू चुलीपाशी लाकडं सारत होती. शकुनबाई सातवीत असताना शाळा सुटलेली बाई. मुलीच्या परीक्षेच्या तारखा तिला पाठ असत. फॉर्म भरायच्या दिवशी ती उपास करी, आणि हे तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आत्ताही नवऱ्याला गप्प केल्याच्या आनंदात ती म्हणाली, “तू घाबरू नोको. मी हाये ना. जाय नागपूरले, बस अभ्यासाले.”

“आई, मले नाई बसायचं.”

“काय?”

“परीक्षेले. मले ते नोकरी पायजे का नाई तेच मले नाई मालूम. सगळ्या पोरी फॉर्म भरून राहिल्या म्हनून मीनं भरला.”

भाकरी तव्यावर करपली. शकुनबाईनं ती उलटली नाही. वर्षानुवर्षं ज्या बाजूनं आपण भांडत होतो त्या बाजूला कोणीच उभं नाही, असं तिला वाटलं असेल.

“मंग तुले काय पायजे?”

“तेच तं नाई समजून राहिलं.”

“कोनी पोरगा गिरगा…”

“नाई वं, आई. असता तं सोपं होतं.”

शकुनबाईनं करपलेली भाकरी काढून कुत्र्यासाठी बाजूला ठेवली.  मग म्हणाली, “मंग बाबा म्हनते ते बराबर हाये. नाव लाव. अथी राहा. मायासंग तरी राहाशीन.”

जेवताना मला एवढंच दिसलं की शकुनबाई आता नवऱ्याच्या ताटात आधी वाढते आहे आणि मुलीकडे पाहत नाही. हेमराजही चकित झालेला दिसला. जिंकल्यावर काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. तो खुशबूला म्हणाला, “घे ना अजून थोडं,” आणि तिनं घेतलं नाही.

सकाळी धुकं होतं. पूजा झाली, दादाच्या फोटोला हार घातला. टेकचंद मोटारसायकलवरून आला, कानाला मफलर बांधलेला. बोलका माणूस. त्यानं आल्या आल्या वहिनींच्या पाया पडून विचारलं, “काकू, कोन उतरवते जाळं?”

कोणी काही बोलायच्या आत खुशबू उठली आणि खुंटीपाशी गेली.

“मी उतरवतो,” ती म्हणाली. लहानपणापासून ती असंच मुलासारखं बोलते. “कुठंतरी तं लागन नाव.”

हेमराजचा चेहरा उजळला.  ‘कुठंतरी तर लागेल.’ किल्ली हातात घेताना माझ्या मनात हेच होतं. त्या वेळी मी फार समजूतदार दिसलो असणार. खुशबूही आत्ता फार समजूतदार दिसत होती. जाळं खांद्यावर घेऊन ती पुढे चालू लागली, जाळ्याच्या कडेचे शिशाचे मणी एकमेकांवर वाजत होते, आणि मागून आम्ही सगळे.

तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, आम्ही थांबलो. पाणी काठापासून थोडं मागे सरकलं होतं. खुशबूनं चपला काढल्या. दादानं तिला लहानपणी जाळं धरायला शिकवलं होतं, ते तिच्या हातांना आठवत होतं. जाळ्याचा घोळ कोपरावर घेतला. दोरीचा फास मनगटात घालायला तिनं हात पुढे केला.

“थांब,” मी म्हणालो.

माझा आवाज इतका लहान होता की फक्त वहिनींना ऐकू गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हणालो, “थांब वं, खुशबू. मी घेतो जाळं.”

“तुमी?” हेमराज म्हणाला.

“मी दादाचा भाऊ आहे. माझा हक्क नाही काय?”

टेकचंद हसला, मग मी हसत नाही हे पाहून त्यानं मफलर सारखा केला. “काका, तुमी कारध्याले राहता. रखवाली कोन करन?”

“येईन मी राहायला.” हे मी का म्हणालो, मला माहीत नाही. मी राहायला येणार नव्हतो. पण खुशबूच्या हातातून मी जाळं घेतलं आणि धोतर वर खोचून पाण्यात उतरलो. पाणी थंडगार. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहिलो. दादा कसा उभा राहायचा, ते सगळं मला पाठ होतं. मी काठावर बसून ते हजारदा पाहिलं होतं. कोपरावर घोळ घेतला, उजव्या हातात कड धरली. मग मागे वळून पाहिलं. हेमराज, शकुनबाई, टेकचंद, वहिनी, पाळीवरून जाणारी दोन-चार माणसं थांबलेली. सगळे माझ्याकडे पाहत होते. जन्मात एवढ्या माणसांनी माझ्याकडे एकाच वेळी पाहिलं नव्हतं. मी अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून कंबर फिरवली आणि जाळं फेकलं.

ते उघडलं नाही. ओल्या गोधडीच्या गोळ्यासारखं पुढच्या खोल पाण्यात पडलं. एवढंच झालं असतं तर लोक हसले असते आणि संपलं असतं. पण त्याच्यामागून दोरी सरसर गेली, तिचं मोकळं टोक माझ्या बोटांवरून निसटलं आणि पाण्यात शिरलं.

मी मनगटात फास घातलाच नव्हता.

“अरे बाप रे,” टेकचंद म्हणाला. “जाळंच देऊन टाकलं तलावाले.”

कोणीतरी हसलं. हेमराज हसला नाही. “काका,” एवढंच म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जे होतं ते शिवीपेक्षा वाईट होतं. बापाचं जाळं होतं ते. त्याची एकेक गाठ दादानं पायाच्या अंगठ्यात सूत अडकवून बांधलेली. खुशबू पळत पाण्यात आली. मी तिथेच उभा होतो, आणि माझी बोटं अजून दोरी धरल्यासारखी वाकलेली होती.

तेवढ्यात मागे पाण्याचा आवाज झाला. वहिनी उतरल्या होत्या. लुगडं खोचलेलं, डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला.

“आई! कुठी जाऊन राहिली?”

“गप राय.”

त्या माझ्या बाजूनं पुढे गेल्या. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. त्या हातानं शोधत नव्हत्या. पायानं चाचपत होत्या, एकेक पाऊल चिखलात सरकवत. त्या दिवशीचं त्यांनी मला पुढे एकदा सांगितलं, तसंच लिहितो. नवरा गेल्यापासून वर्षभर त्यांना सकाळ-संध्याकाळ चहा मिळत होता, औषध मिळत होतं, आणि कोणी त्यांना काही विचारत नव्हतं. ‘आई, तू बस.’ दिवसभर हेच. नवरा होता तेव्हा त्या टोपली घेऊन काठावर उभ्या राहत, जाळ्यातली मासळी सोडवत, पवनीच्या बाजारात नेऊन विकत. पाणी मात्र त्याचं होतं. आता तळव्याखाली चिखल लागला आणि त्यांना वाटलं, हे मले येते. पुढच्या पावलाला शिशाचा मणी लागला. त्यांनी पायाच्या बोटांत जाळं धरलं आणि लगेच वर ओढलं नाही. तिथेच थोडा वेळ उभ्या राहिल्या. काठावर आम्हाला वाटलं सापडत नाही.

“त्याईचं अंग लागल्यावानी वाटलं, भाऊजी,” त्या मला म्हणाल्या. एवढं बोलून त्यांनी विषय बदलला.

जाळं खांद्यावर घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा दात वाजत होते. घोळात चिखल, शेवाळ आणि एक बोटभर दाडक मासा अडकला होता. वहिनींनी तो सोडवून पाण्यात टाकला.

“झाली पहिली फेक,” त्या म्हणाल्या. “टेकचंद, नाव लिव.”

“कोनाचं, काकू?”

“पाण्यात कोन उतरलं? रेवताबाई आसाराम लिव.”

“आई,” हेमराज म्हणाला, “तुयं वय पाय.”

“काकाचं पायलं नाई तं. तो तं जाळं बुडवून आला.”

या वेळी सगळे हसले, मीही. टेकचंद म्हणाला, “बायाईची नावं हायेत काकू संस्थेत, नाई कसं म्हनू. पन रखवालीले रात्री पाळीवर कोन येईन?”

“तुया आसारामकाकाले रातच्याले पाळीवर भाकर कोन आनून देत होतं? कोनी भूत येत होतं काय?”

टेकचंदनं खिशातून पेन काढलं. हेमराज पुढे झाला, आईच्या खांद्यावरचं ओलं जाळं घ्यायला त्यानं हात केला. वहिनींनी ते दिलं नाही. शकुनबाईनं आपली शाल त्यांच्याभोवती गुंडाळली आणि दोघी सासू-सुना घराकडे निघाल्या. मागून हेमराज. तो दोन-तीनदा थांबला, खुशबूकडे वळून पाहिलं, मग त्यांच्यामागे गेला. त्याला जे हवं होतं ते झालं होतं. हिस्सा घरात राहिला होता. पण मुलीसाठी आता त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं.

खुशबू पाळीवर बसून राहिली. मी धोतर पिळत तिच्यापासून थोडा दूर बसलो.

“हातात फास घाला लागते, आबाजी,” ती म्हणाली.

“माहीत होतं.”

“मंग?”

“विसरलो.”

धुकं निवळत होतं. पलीकडे कोणीतरी डोंगा पाण्यात ढकलत होतं.

“मायासाठी केलं ना तुमी?”

“माहीत नाही. असेल.”

ती गवताची काडी मोडत राहिली. “बाबा जबरदस्ती करून राहिले होते तवा नाई तरी म्हनता येत होतं. आता कोनीच काई म्हनत नाई. आता मी काय करू?”

मला वाटलं होतं, मी तिला सोडवलं. सोडवलेलं माणूस इतकं एकटं दिसेल हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“नागपूरले जातो,” ती म्हणाली. “खोली सोडा लागन. महिनाभराचं भाडं भरलं हाये, तोवर राहीन. अभ्यासिकेत नाई जानार. एवढंच मालूम हाये मले.” मग सरळ माझ्याकडे पाहून, “मायं पत्र भेटलं होतं काय, आबाजी?”

“भेटलं.”

ती थांबली.  फोनवर असतो तर ‘बरं, ठेवतो’ म्हणालो असतो. इथे तेही म्हणता येईना. शेवटी तिनंच मान हलवली, जणू मी काही बोललो आणि तिला ते समजलं. उठून तिनं माझ्या चपला माझ्यासमोर आणून ठेवल्या.

दुपारचं जेवण झालं आणि ती पवनीच्या बसनं गेली. मी दुसऱ्या दिवशी कारध्याला परतलो.

दोन-तीन आठवडे मी लिहिलं नाही. खोलीत पुस्तकं आहेत, खिडकीतून वैनगंगेवरचा पूल दिसतो. पुलावरून जाणाऱ्या गाड्या पाहत बसायची माझी जुनी सवय आहे. महिना सरत आला तशी मला भीती वाटू लागली. खोली सुटली की माझ्याजवळ तिचा पत्ता उरणार नव्हता. फोन नंबर होता, पण तो असून नसल्यासारखा.

मग एका दुपारी बसलो आणि लिहिलं. पुस्तकातलं वाटेल म्हणून मी ते वाचून पाहिलं नाही. जे आठवतं ते असं:

‘खुशबू, तू विचारलंस, मला कसं कळलं होतं. मला कळलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी नाही आणि त्यानंतरही नाही. एकानं किल्ली दिली, ती मी धरून ठेवली. वाचनालय मला आवडलं, पण आवडलं हे मला निवृत्तीच्या दिवशी कळलं, तेव्हा ते सांगायला तिथे ओळखीचं कोणी नव्हतं.

दोरी मनगटात घालायची असते हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी विसरलो, कारण त्या वेळी मी जाळ्याकडे पाहत नव्हतो, काठावरच्या माणसांकडे पाहत होतो. याचा अर्थ काय ते मी लावत नाही. तूही लावू नकोस. आपल्या घरात ती वाईट सवय एकट्या माझी आहे, ती पुढे चालवायला कोणी नको.

तुझी आजी रोज सकाळी तलावावर जाते, असं हेमराजनं सांगितलं. तो तक्रार करत होता.

उत्तर सापडल्यावर लिहू म्हणून मी थांबलो. पोळा, दसरा, दिवाळी गेली. सापडलं नाही. ते नसतानाही लिहिता आलं असतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुला उत्तर हवं होतं की कोणी लिहायला हवं होतं, हे मी तलावावर विचारायला हवं होतं. आता विचारतो. गठ्ठ्यातली पत्रं उरली असतील. खोली सोडलीस तर नवी कुठे घेतलीस ते कळव. काही ठरलं नसलं तरी कळव.

लिलाधर आबाजी.’

चिकटवलं, पत्ता लिहिला, पाठीमागे माझाही लिहिला. ती निघून गेली असली तर निदान परत यावं.

कारध्याच्या चौकात गोदावरीबाईच्या चहाच्या टपरीशेजारी एक लाल पेटी आहे. तिच्यावर कोणी तरी लग्नाची जाहिरात चिकटवली होती. मी पेटीसमोर उभा राहिलो आणि पुन्हा शंका आली.

“बाई, ही पेटी उघडतात काय?”

गोदावरीबाई चहाच्या गंजाखालचा विस्तव सारत होती. “उघडतेत ना. कोनी टाकलं तं.”

मी हात पेटीच्या तोंडात घातला आणि पत्र सोडलं. इतका बारीक आवाज झाला की पडलं की नाही ते कळेना. मी पुन्हा हात घातला, मनगटापर्यंत, आणि आत बोटं फिरवून पाहिली. काही लागलं नाही. म्हणजे गेलं होतं.